मगरिबला फोन कोण धरणार?

अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या आमच्या रस्त्यावर दिव्यांच्या खांबांना परत चंद्रकोरी लागल्या. पालिकेची माणसं शिडीच्या गाडीवर चढून भर उन्हात त्या बांधत होती आणि मी काही कारण नसताना गाडी बाजूला घेऊन बघत बसले होते. मागच्याने हॉर्न वाजवला, काच खाली करून "यल्ला, यल्ला" केलं. मी हात दाखवला आणि निघाले. घरी पोचेपर्यंत मन उडून गेलेलं. मला रोजा नसतो, एकादशीसुद्धा मी धड करत नाही, पण रमजान आला की मला करमेनासं होतं. गेली दोन वर्षं हे चाललंय.

दुकानात शिरावं तर दारातच खजुराचे खोके रचलेले असतात, त्यांच्यापलीकडे गुलाबी सरबताच्या बाटल्या. ऑफिसमध्ये वेळ बदलल्याचा मेल येतो. शाळा लवकर सुटते, म्हणजे ईशान, माझा मुलगा, दुपारी फोन करून म्हणतो, "आई, आय ॲम डन, कॅन यू कम नाऊ?" मी म्हणते, "अरे, मराठीत विचार, मग येते." तो म्हणतो, "ओके, टेक युवर टाइम." असं सगळं नेहमीचंच. पण संध्याकाळ उतरायला लागली, रस्ते भरून वाहायला लागले आणि सगळ्या गाड्या एकाच घाईने घराकडे वळल्या की माझा हात आपोआप टेबलावर काहीतरी शोधायला लागतो. तिथे काही नसतं. चहाचा कप असतो.

यंदा तर जास्तच. कारण माझ्या टीममध्ये एक जागा रिकामी आहे. आता अबुधाबीत मी टीमची मॅनेजर, तेव्हा माणूस मीच निवडायचा. ईदच्या आत नाव द्या, असं एचआरने बजावलंय. नाव माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच आहे, माझ्या दुबईतल्या जुन्या टीममधला मुश्ताक. तो आता दापोलीजवळ त्याच्या गावी असतो. त्याचा नंबर माझ्याकडे आहे आणि फोन मी करत नाहीये. विचारलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर मग संपलंच सगळं. इतके दिवस मी या दोन्हींच्या मध्ये बसून आहे, आणि एचआरला "येस येस, इन्शाल्ला दिस वीक" असं सांगतेय. इथे राहून ही एक कला मला चांगली जमायला लागली आहे.

आमचं काम काय ते सांगते, कारण माझ्या सासूबाईंना ते अजून कळलेलं नाही. "ही रात्रंदिवस फोन उशाशी घेऊन झोपते, म्हणजे डॉक्टर आहे का ही?" असं त्या नणंदेला विचारत होत्या. डॉक्टर नाही. तेव्हा दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत आम्ही घरपोच जेवण मागवायचं ॲप सांभाळायचो. लोक ऑर्डर देतात, हॉटेल शिजवतं, मोटारसायकलवाला पोचवतो. या सगळ्यात कुठे काही अडकलं तर एक फोन किंचाळतो आणि ज्याच्याकडे तो फोन असेल त्याने हातातलं टाकून ते दुरुस्त करायचं. याला सगळी दुनिया ऑन-कॉल म्हणते. आमच्या टीममध्ये त्याला "फोन धरणं" म्हणायचे. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न, "आज फोन कोणाकडे?" तो खरोखरचा फोन होता, कंपनीने कधीकाळी दिलेला, कोपऱ्यात काच तडकलेली. बाकीच्या टीम आपापल्या मोबाइलवर ॲप टाकून मोकळ्या झाल्या तरी मुश्ताकने तो हँडसेट सोडू दिला नाही. "हातातून हातात दिला की कळतं कोण जागं आहे ते," म्हणायचा. मला ते तेव्हा खुळचट वाटायचं.

मुश्ताक माझ्याच बरोबरीचा इंजिनिअर, वयाने वर्षभराने लहान, आवाजाने माझ्या दुप्पट. स्वतःच्या कामाचं कौतुक स्वतःच करायचा. एखादा बिघाड काढला की खुर्चीत मागे रेलून, "काय हात आहे यार माझा," असं दोन टेबलांपलीकडे ऐकू जाईल असं म्हणायचा. मी म्हणायचे, "पुरे झालं, आरती ओवाळू का?" तो म्हणायचा, "ओवाळा की ताई, तबक मी आणतो." मराठीत भांडता येईल असं माणूस त्या मजल्यावर दुसरं नव्हतंच. मीटिंगमध्ये इंग्रजी, पँट्रीत हिंदी, आणि मन मोकळं करायचं असलं की लिफ्टजवळ मुश्ताक.

रमजानात फोन कोण धरणार, हे आमच्यात ठरलेलं होतं. मगरिबची, म्हणजे रोजा सोडायची वेळ माझी. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ त्याची. कधी ठरलं, कोणी ठरवलं, काही आठवत नाही. रोजा सोडणाऱ्याला हाक मारायची नाही, एवढा एकच नियम. दिवाळीला तो बर दुबईच्या आमच्या घरी येऊन बसायचा. मीना बाजारातून पणत्या आणि झेंडूच्या माळा घेऊन मी धापा टाकत वर यावं, तर हा आधीच सोफ्यावर, मांडीवर लॅपटॉप, शेजारी फोन. "माझी ड्यूटी चकलीजवळ लावा," हे ठरलेलं वाक्य. आम्ही आत पूजा करत असताना एकदा फोन किंचाळला, तर त्याने तोंडात लाडू धरून तो बंद केला, काम केलं, आणि आरती संपल्यावर बाहेर आलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाला, "काही नाही, चालू द्या तुमचं." त्या दिवशी काय बिघडलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं.

आणि रमजानातली ती वेळ! सगळं शहर तासाभरात एकदम भुकेलं होतं. दुपारी ऑफिस अर्धं रिकामं, खाली तळ्याचं पाणी हलतसुद्धा नाही, मेट्रो जाते तेवढीच. मग चार वाजून गेले की पडद्यावरची ऑर्डरींची रेघ वर चढायला लागायची. पाच वाजता आणखी वर. मोटारसायकलवाले सगळीकडे मुंग्यांसारखे. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी ती. म्हणून इतरांना लवकर सुट्टी असली तरी आमच्या टीमचे एक-दोघं तरी अजान होईपर्यंत थांबायचे. आणि मग अजान. त्या क्षणाला रेघ धाडकन खाली, जवळजवळ शून्यावर. कारण कोणीच मागवत नाही, सगळे जेवतायत.

पहिल्या वर्षी हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. रेघ पडली, फोन किंचाळला, मी तीनताड उडाले. सर्व्हर गेला, नोकरी गेली, सगळं डोळ्यांपुढे आलं. मुश्ताक तोंडात खजूर धरून हसत होता. "अहो, काही मेलं नाहीये. मुसलमान जेवतायत!" मग घोटभर पाणी पिऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि मला दाखवलं. रेघ सरळ पडत नाही, पायरीपायरीने उतरते. सूर्य पूर्वेकडे आधी बुडतो, म्हणून आधी फुजैराची अजान. थोड्या वेळाने शारजा आणि दुबई. मग अबुधाबी. "बघा, फुजैरा बसलं पानावर. आता आपण. आता अबुधाबीवाले, ते नेहमीच उशिरा." तेव्हापासून आमची रीतच पडली. मगरिबच्या जरा आधी फोनचा भोंगा हाताने बंद करायचा, कारण रोज तो उगाच बोंबलणार, आणि तेवढा वेळ डोळ्यांनी त्या पायऱ्या बघत बसायचं. यंत्राला जेवण आणि मरण यातला फरक कळत नाही, माणसाला कळतो, असं मुश्ताकचं म्हणणं.

त्या टेबलाचा वास अजून नाकात आहे. मीटिंग रूमच्या गुळगुळीत टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं. खजूर, कापलेलं कलिंगड, ताकाच्या बाटल्या. मुश्ताकच्या बायकोचा, शमीमचा डबा: खिम्याचे समोसे, तांदळाचे घावणे, नारळाच्या रसातल्या शेवया. माझे भाजीचे समोसे वेगळ्या फॉइलमध्ये, वर मार्करने मोठा "वृं", म्हणजे वृंदा. शमीमने ते अक्षर एक दिवस चुकवलं नाही. बाहेर ऊन पिवळं होत जायचं, मग करडं. समोरच्या टॉवरच्या काचांत सूर्य एकदा लाल दिसून जायचा. मुश्ताक खजूर बोटात धरून खिडकीकडे कान लावून बसायचा, बडबड्या माणूस तेवढा वेळ अगदी गप्प. मी शेजारी बसून पडद्यावर फुजैराची वाट बघायचे. मग पहिली पायरी उतरली की मी नुसती मान हलवायचे. तसं त्याला माझ्या मानेची गरज नव्हती, आमच्याकडची अजान थोड्याच वेळात त्यालाही ऐकू यायचीच. पण तो बघायचा माझ्याकडे.

आयुष्यात इतकं महत्त्वाचं आणि इतकं निवांत मला कधीच वाटलेलं नाही.

मग गौतम आला. आमचा नवा हेड. माणूस वाईट नव्हता हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्याला व्हिलन केलं की गोष्ट सोपी होते आणि ती सोपी नव्हती. दिल्लीचा, हसरा, मुलांची विचारपूस करणारा. त्यालाही वर कोणाला तरी उत्तर द्यायचं होतंच. आल्या आल्या त्याने भिंतीवर मोठा टीव्ही लावला. कारखान्याच्या फाटकावर अपघाताविना किती दिवस गेले त्याची पाटी असते ना, तसं: कोणत्या टीमने किती दिवस इन्सिडेंटशिवाय, म्हणजे नोंदवलेल्या बिघाडाशिवाय काढले. आकडा वाढला की हिरवा, पडला की लाल. "ऊपर तो नंबर ही जाता है," तो म्हणायचा, "मेरी बात कौन सुनेगा?" खरं होतं ते.

टीम पुढे जातेय का मागे, हे कशाने मोजायचं, यावर आम्ही त्या काळात फार डोकं खाल्लं एकमेकांचं. मी म्हणायचे, आकडा असावा, नाहीतर ज्याचा आवाज मोठा तोच कामसू ठरतो. हे मुश्ताककडे बघून. तो म्हणायचा, "ज्या घरात कधी भांडं पडल्याचा आवाज नाही, त्या घरात कोणी राहत नाही ताई." तिकडे दुसऱ्या इमारतीत एक दुसरी टीम होती, तिचा आकडा कायम हिरवा. त्यांच्याकडे काही बिघडत नव्हतं असं नाही. ते बिघाडाला बिघाड म्हणत नव्हते. किरकोळ, म्हणायचे, बघून घेतलं, म्हणायचे. खलास. हे सगळ्यांना ठाऊक होतं, गौतमलासुद्धा असणार.

त्या रमजानात बातमी आली की ईदनंतर दोन टीमची एकच होणार. कोणती राहणार ते भिंतीवरचा टीव्ही सांगणार. उघड कोणी बोललं नाही, पण पँट्रीत लोक त्या आकड्याकडे बघून कॉफी ढवळायला लागले. माझ्या नवऱ्याची नोकरी चांगली होती, माझा व्हिसा त्याच्यावर होता, मला पोटापुरती भीती नव्हती. मुश्ताकचं सगळं घर त्या एका नोकरीवर उभं होतं. व्हिसा तिच्यावर, घरभाडं तिच्यावर, आणि सनाची, त्याच्या मुलीची, बारावीची परीक्षा त्याच महिन्यात. पोरगी रोजे धरून पेपर देत होती. नोकरी गेली तर इथलं बस्तान उचलायचं, जन्मापासून दुबईत वाढलेली मुलगी कोकणातल्या कुठल्यातरी कॉलेजात नेऊन बसवायची. तो हे बोलायचा नाही. मीच बोलायचे. मला तर तो जायला नको होता, सनासाठी, शमीमसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी.

आमचा आकडा चांगला चालला होता. हिरवागार. आणि मग ती संध्याकाळ.

नेहमीसारखंच टेबल मांडलेलं. टीममधली बाकीची दोघं घरी गेलेली, गौतमही. मी भोंगा बंद केला आणि पडद्यासमोर बसले. मुश्ताकच्या बोटात खजूर. रेघ पडली. फुजैराची वेळ झालीच होती, म्हणून मी मान हलवायला गेले आणि थबकले. पायरी नव्हती. फुजैरा, शारजा, दुबई, अबुधाबी, सगळे एका दमात खाली.

"अहो मुश्ताक," मी म्हटलं, "आज सगळ्यांचा सूर्य एकदमच बुडाला का?"

तो वाकून बघायला आला. खजूर बशीत ठेवला. "हे इफ्तार नाहीये," तो म्हणाला, "मेलंय हे."

रोजा सोडणाऱ्याला हाक मारायची नाही हा नियम मीच मोडला, पण दुसरा इलाज नव्हता. कार्डाने पैसे घेणारा भाग अडकून बसला होता आणि तो भाग मुश्ताकने बांधलेला, त्याच्या खाचाखोचा त्यालाच माहीत. अजानच्या आधीची ती शेवटची गर्दी. घराघरांत लोक ऑर्डर द्यायला बघत होते आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. आमच्या खिडकीबाहेर अजान झाली. मी पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर धरला. त्याने बघितलंसुद्धा नाही. "थांबा ताई, थांबा, हे दुसऱ्या बँकेवरून वळवतो, एक मिनिट." त्याची बोटं चालली होती, ओठ कोरडे पडले होते, आणि मी ग्लास धरून उभी, पूजेला उभी राहते तशी. मग रेघ हलली. जरा वर आली, आणि आता अबुधाबीही पानावर बसलं होतं म्हणून परत पडली, या वेळी खरीखुरी. मुश्ताकने पाणी घेतलं, खजूर घेतला, डोळे मिटले. मग म्हणाला, "काय हात आहे यार माझा." आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

सगळं झाल्यावर ग्राफ बघितला, तर रोजच्यासारखा. मगरिबला उतरलेला, नेहमीचा. माहीत नसणाऱ्याला काही दिसणारच नव्हतं. मी घावणे वाढायला घेतले, तर हा लॅपटॉप उघडून बसला.

"काय लिहिताय?"

"इन्सिडेंट. झाला ना? लिहायला नको?"

मी त्याचा लॅपटॉप खाडकन मिटला. "डोकं ठिकाणावर आहे का? कोणाला दिसलंय? आकडा शून्यावर येईल उद्या!"

"कोणाला दिसलं नाही म्हणून तर लिहायचं. पुढच्या वेळी असाच पडला आणि फोन नव्या कोणाकडे असला, तर तो म्हणेल इफ्तार आहे, आणि बसेल गप्प."

"त्या नव्याला मी तोंडी सांगेन. तुम्ही सनाचं बघा. तिचे पेपर संपलेत का? हे सतीचं वाण घ्यायला कोणी सांगितलंय तुम्हाला?"

तो हसला. "मी काय सती जातोय ताई? माझा स्वभावच वाईट आहे. उपाशी पोटी एवढं भारी काम केलं आणि कोणाला सांगायचंच नाही? माझ्याच्यानं नाही होत ते." मग लॅपटॉप हळूच माझ्या हाताखालून ओढून घेतला. "आणि आपण लिहिलं नाही, तर आपणही त्या हिरव्यांतलेच की. मग मला इथे बसून काय करायचंय?"

मी त्याच्याशी त्या संध्याकाळी पुढे बोलले नाही. "वृं"चे समोसे फॉइलमध्ये तसेच परत नेले. मी आजही म्हणते, लिहिलं नसतं तर काय आकाश कोसळणार होतं? बरोबर कोण आणि चूक कोण हे मला ठरवायचंच नाहीये. मला तो इथे हवा होता, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते मी त्याला सरळ सांगितलं नाही. सनाच्या नावाने सांगितलं.

सकाळी टीव्हीवर आमच्या नावापुढे लाल शून्य. गौतम आला, बघितलं, मुश्ताकच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. "यार मुश्ताक, ये डालना जरूरी था क्या?" मुश्ताक म्हणाला, "हुआ था सर, इसलिए डाला." गौतम मान हलवून गेला. ईदनंतर दुसरी टीम राहिली. कोणी कोणाला दोष दिला नाही. सगळ्यांचे निरोप समारंभ झाले, केक कापले, फोटो काढले. मला ओळखीतून अबुधाबीचं हे काम मिळालं. मुश्ताकने दोन-तीन ठिकाणी बघितलं, मग सनाचा शेवटचा पेपर झाल्यावर म्हणाला, "चला, गाव तरी बघू कसं आहे ते."

त्यांच्या घरी निरोपाला गेले तर खोल्यांत नुसती खोकी. शमीमने फ्रीजर उघडला आणि खिम्याच्या समोशांच्या पिशव्या माझ्यापुढे रचल्या. "विमानात थोडंच नेता येतात? ईशानला द्या." मग माझ्या गळ्यात पडून रडली. मी शाकाहारी बाई, ती थंडगार पिशवी छातीशी धरून टॅक्सीत बसले. ईशानने ते समोसे महिनाभर खाल्ले. शेवटचा तळला त्या दिवशी मी त्याच्यावर उगीचच खेकसले. तो म्हणाला, "आई, इट्स जस्ट अ समोसा!" आणि बिचारा घाबरून माझ्याकडे बघत राहिला, कारण मी रडत होते.

आता माझ्या टीममध्ये फोन नाही. बिघडायच्या आधीच यंत्र ओळखतं, दुसरीकडे वळवतं, सकाळी फक्त कळवतं. महिन्याच्या महिन्याला मी वर आकडे पाठवते, हो, मीच, आणि ते हिरवे असतात, आणि ते खरे आहेत. माझी मुलं हुशार आहेत, साडेपाचला घरी जातात, जावंच. टीम पुढे जातेय का म्हणाल तर जातेय. फक्त मगरिबच्या वेळेला माझ्या शेजारी कोणी नसतं आणि माझी कोणाला गरज नसते. मी ऑफिसातली शेवटची बाई, खिडकीशी उभी, खाली गाड्या घाईने घरी जातायत. कोणाची तरी राखण करत बसण्यात जे सुख होतं, ते कुठल्या रकान्यात भरायचं हे मला अजून सापडलेलं नाही. मुश्ताक असता तर म्हणाला असता, भरूच नका. आणि मग आम्ही भांडलो असतो.

शेवटी काल केला फोन. घरी, स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी बंद करून. भारतात आपल्या आधी रोजा सुटतो, म्हणजे त्याचं जेवण झालेलं असणार, असा हिशेब करून. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"ओहो, वृंदाताई! रमजान मुबारक म्हणायला इतके दिवस लावले?"

आवाज तोच, दोन टेबलांपलीकडे जाणारा. मी खुशाली विचारली. सना पुण्यात शिकतेय, सुट्टीला येते. तो पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो, आठवड्यातून दोनदा दापोलीच्या कॉलेजात शिकवतो. "इथे लाइट गेली की तोच माझा इन्सिडेंट. रोज लिहितो मी, कोणी वाचत नाही." मी हसले आणि हसता हसताच सांगून टाकलं. जागा आहे. पगार, व्हिसा, शाळा-बिळांचा आता प्रश्नच नाही, शमीमला घेऊन या. ईदच्या आत नाव द्यायचंय. मी एका दमात बोलले, एचआरच्या मेलसारखं.

मुश्ताक आणि गप्प, म्हणजे मला उत्तर कळलंच.

"ताई, तिथे एवढी वर्षं मी रोजा सोडला तो अर्धा स्क्रीनकडे बघत. शमीम म्हणायची, डबा मी करते आणि जेवतं तुमचं ऑफिस. आता आम्ही दोघं अंगणात बसतो. ती बोलते, मी ऐकतो. एवढं बोलते ती, मला माहीतच नव्हतं." मग म्हणाला, "दुसरं कोणी बघा. पण भांडणारा बघा."

मी म्हटलं, "मला दुसरं कोणी नकोय." आणि मग म्हटलं, जे तेव्हा म्हणायचं राहिलं ते, सनाचं नाव मध्ये न आणता. "मला करमत नाही हो तुमच्याशिवाय."

"मला तरी कुठे करमतं," मुश्ताक म्हणाला. "पण यायचं नाही."

झालं. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि दोघांपैकी कोणी फोन ठेवत नव्हतं. मी ओट्यावरचं पाणी फडक्याने पुसत राहिले. पलीकडे कुठेतरी भांडी वाजत होती. आतून शमीमने विचारलेलं मला ऐकू आलं, "कोणाचा फोन आहे हो एवढा वेळ?"

मुश्ताकने तोंड बाजूला नेऊन तिला सांगितलं, "घरचा."